व्ह्यूफाइंडरमध्ये स्पष्ट, फोटोत धूसर : डीएसएलआरच्या आतली प्रकाशाची वाट

आपल्या प्रश्नाचा आशय थोडक्यात असा आहे. आपण दुसऱ्याने वापरलेला निकॉन डी ३५०० हा डीएसएलआर (आतल्या आरशावरून दृश्य दाखवणारा डिजिटल कॅमेरा) विकत घेतला आणि त्याच्यासाठी ५० मि.मी. एफ/१.८ डी ही जुनी लेन्स स्वस्तात मिळवली. मित्राच्या डी ८५० मधून पाहिल्यानंतर आपल्या कॅमेऱ्यातले दृश्य लहान आणि काळपट वाटू लागले. व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे डोळा लावून पाहायच्या खिडकीत, न दिसलेल्या वस्तू फोटोच्या कडांना येतात, हाताने फोकस करून घेतलेले चेहरे आत स्पष्ट दिसूनही फोटोत धूसर निघतात आणि आत काही काळे ठिपकेही दिसतात. तेव्हा व्ह्यूफाइंडर बिघडला आहे काय आणि तो बदलून घ्यावा काय, असे आपण विचारले आहे.

पंचवीस-एक वर्षे मी कॅमेरे उघडून दुरुस्त करण्याचे काम करतो आणि अशा तक्रारी घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेकांचा व्ह्यूफाइंडर ठणठणीत असतो, असा माझा अनुभव आहे. आपल्या चारपैकी तीन तक्रारींत काळजीचे काही नाही. फोकसची तक्रार मात्र काही अंशी रचनेमुळे आणि काही अंशी कदाचित खऱ्या बिघाडामुळे असू शकते, म्हणून तिच्याविषयी मी अधिक विस्ताराने लिहितो. त्याआधी प्रकाश आत कसा फिरतो, ते पाहणे आवश्यक आहे.

लेन्समधून आलेला प्रकाश सरळ फोटो टिपणाऱ्या सेन्सरकडे निघालेला असतो, पण वाटेत ४५ अंशांत कललेला आरसा त्याला अडवतो आणि वरच्या दिशेने वळवतो. वर, आरशाच्या बरोबर डोक्यावर, फोकसिंग स्क्रीन नावाची पातळ, किंचित खरखरीत, दुधी पट्टी आडवी बसवलेली असते. सिनेमाच्या पडद्यावर पडावे तसे लेन्सचे चित्र या पट्टीवर उमटते आणि आयपीसची, म्हणजे डोळ्याजवळची, भिंगे ते आपल्याला मोठे करून दाखवतात. व्ह्यूफाइंडरमध्ये जे काही दिसते ते या पट्टीवरचे चित्र असते, एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तर पुढची बहुतेक कोडी आपोआप सुटतात. शटरचे बटण दाबले की आरसा वर उचलला जातो, प्रकाश सेन्सरवर जातो आणि तेवढा वेळ आयपीसमध्ये अंधार होतो. जुने छायाचित्रकार यावरून एक खूण सांगत असत : विजेचा लखलखाट व्ह्यूफाइंडरमध्ये दिसला, तर तो फोटोत आलेला नाही असे समजावे.

आरशाने वर पाठवलेले चित्र सुलटे असते, पण त्याची डावी-उजवी बाजू बदललेली असते. आपल्याकडच्या स्टुडिओंत पूर्वी याशिकाचे दोन लेन्सचे कॅमेरे असत. ते पोटाशी धरून वरून आत पाहावे लागे, आणि नवरदेव उजवीकडे सरकला की काचेवर तो डावीकडे जाई, त्यामुळे शिकाऊ पोरगा कॅमेरा नेमका उलट फिरवत असे. ३५ मि.मी. फिल्मचा एका लेन्सचा रिफ्लेक्स कॅमेरा कीने एक्झाक्टा १९३६ साली जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये निघाला, त्यातही हीच अडचण होती. त्याच शहरात बनलेल्या काँटॅक्स एसमध्ये १९४९ साली पेंटाप्रिझम हा काचेचा लोलक बसवलेला होता, आणि कॅमेरा डोळ्याला लावून सरळ समोर पाहण्याची आपली आजची सवय त्या रचनेतून आली आहे. प्रिझमचा वरचा भाग कौलारू घराच्या छपरासारखा असतो, म्हणजे त्याचे दोन उतार एकमेकांशी काटकोन करतात. कपड्यांच्या दुकानात कोपऱ्यात दोन आरसे काटकोनात बसवलेले असतील तर त्यांच्या सांध्याकडे पाहून उजवा हात वर करावा; साध्या आरशासारखी बाजू न बदलता प्रतिमेचा उजवाच हात वर जातो. प्रिझमचे छप्पर तेच काम करते, त्यानंतर पुढची तिरपी बाजू प्रकाश मागे आयपीसकडे फेकते आणि चित्र सर्व बाजूंनी सुलटे होते.

आता आपली पहिली तक्रार. डी ८५० मध्ये काचेचा भरीव पेंटाप्रिझम आहे. डी ३५०० मध्ये त्याच आकाराची पोकळी असून तिच्या भिंतींवर आरसे लावलेले आहेत. तिला पेंटामिरर म्हणतात. ती हलकी आणि स्वस्त पडते, परंतु तिच्या आरशांवरून परावर्तित होताना काही प्रकाश कमी होतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की काचेतून जाताना प्रकाशाची वाट जणू आखूड होते, त्यामुळे प्रिझमच्या मागे कमी फोकल लेंथचा, म्हणजे जास्त मोठे करून दाखवणारा आयपीस बसवता येतो. पोकळ पेंटामिररला ही सवलत मिळत नाही.

कागदावरचे आकडे मात्र उलट सांगतात आणि तिथेच खरेदीदार फसतो. डी ३५०० चे मॅग्निफिकेशन ०.८५ पट दिलेले आहे आणि डी ८५० चे ०.७५ पट, म्हणजे आपलाच व्ह्यूफाइंडर मोठा असायला हवा. पण हे दोन्ही आकडे ५० मि.मी. लेन्स अनंतावर फोकस करून मोजलेले असतात, त्यांत स्क्रीनचा आकार धरलेला नसतो. डी ३५०० चा सेन्सर, आणि म्हणून स्क्रीनही, रुंदीला दीडपट लहान आहे. ०.८५ ला १.५ ने भागले की ०.५७ उरतात, ०.७५ च्या शेजारी ठेवायचा आकडा तो आहे. शिवाय आपल्याला स्क्रीनवर फ्रेमचा ९५ टक्केच भाग दिसतो. सगळा हिशेब केला तर डी ८५० मध्ये जेवढे चित्र दिसते, त्याच्या क्षेत्रफळाच्या जवळपास निम्मेच डी ३५०० मध्ये दिसते. दृश्य लहान वाटणे हा आपला भास नाही आणि बिघाडही नाही.

त्या ९५ टक्क्यांतच दुसऱ्या तक्रारीचे उत्तर आहे. हा आकडा रुंदी आणि उंची दोन्हींना लागू आहे, त्यामुळे ०.९५ गुणिले ०.९५ म्हणजे सुमारे ९० टक्के क्षेत्रफळ दिसते आणि फोटोचा जवळपास दहावा हिस्सा आपल्याला आधी दिसलेलाच नसतो. आपल्या कॅमेऱ्याचा फोटो ६००० गुणिले ४००० पिक्सेलचा असतो. चौकट अगदी मध्यावर असेल तर डाव्या-उजव्या कडांना प्रत्येकी १५० आणि वर-खाली प्रत्येकी १०० पिक्सेलची पट्टी न पाहिलेली असते. विजेची तार, शेजारच्याचे कोपर, प्लॅस्टिकची खुर्ची नेमकी या पट्टीतून आत शिरते. फिल्मच्या काळात स्लाइडची चौकट किंवा लॅबमधली छपाई या कडा झाकून टाकत असे, त्यामुळे कोणाची फारशी तक्रार नसे. पूर्ण १०० टक्के दाखवायचे तर आरसा, स्क्रीन आणि सेन्सर एकमेकांशी फार काटेकोर जुळवावे लागतात आणि प्रिझमही मोठा लागतो, म्हणून ती सोय वरच्या किमतीच्या कॅमेऱ्यांत असते. आपण फ्रेम किंचित सैल ठेवून नंतर कडा कापणे, एवढाच यावर उपाय आहे. तो पुरेसा आहे.

फोकसकडे वळतो. आपली लेन्स डी प्रकारची आहे आणि तिला फिरवणारी मोटर कॅमेऱ्यात असावी लागते. डी ३५०० मध्ये ती नाही, म्हणून या जोडीत फोकस हातानेच करावा लागतो. डी ८५० मध्ये मोटर असल्यामुळे मित्राच्या हातात हीच लेन्स सुरळीत चालते. याचा अर्थ असा, की नेमके किती स्पष्ट आहे हे ठरवण्याचा सगळा भार आपण त्या दुधी पट्टीवर टाकला आहे, आणि आजची पट्टी त्या कामासाठी बनवलेली नाही.

फिल्मच्या काळातली स्क्रीन खऱ्या अर्थाने खरखरीत असे. घासलेल्या काचेवर पडलेला प्रकाश सर्व दिशांना विखुरतो, त्यामुळे लेन्सच्या कडेकडून तिरका आलेला प्रकाशही डोळ्यापर्यंत पोहोचतो, आणि फोकस जरासा हलला तरी चित्र फुटलेले दिसते. पण इतके विखुरल्यामुळे ती काळोखी असे. मध्यभागी दुभंगलेल्या चित्राची छोटी चकती असे, फोकस जुळला की तिच्यातली उभी रेघ सलग व्हायची, आणि एफ/५.६ सारखी मंद, म्हणजे लहान तोंडाची, लेन्स (एफपुढचा आकडा जितका मोठा, तितके तोंड लहान) लावली की तिचा एक अर्धा काळा पडायचा. ऑटोफोकस आल्यावर दुभंग चकती गेली. पुढे १८-५५ सारख्या एफ/३.५ ते ५.६ च्या लेन्स घरोघर पोहोचल्या आणि त्यांच्यासह व्ह्यूफाइंडर उजळ दिसावा म्हणून स्क्रीनची रचनाच बदलली. आजच्या पट्टीवर डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक भिंगांसारखी नक्षी असते. ती प्रकाश कमी विखुरते आणि जास्तीत जास्त सरळ आयपीसकडे पाठवते.

या सोयीची किंमत वेगवान, म्हणजे मोठ्या तोंडाच्या, लेन्सला मोजावी लागते. लेन्स एफ/१.८ वर उघडी असली तरी तिच्या बाहेरच्या कडेकडून येणारे तिरके किरण ही पट्टी डोळ्याकडे वळवतच नाही, आणि आपल्याला जे चित्र दिसते ते साधारण एफ/२.८ च्या आसपासच्या लेन्सचे असते. हे पटत नसेल तर आपली लेन्स मित्राच्या डी ८५० वर लावावी. तिच्यावरची ॲपर्चरची (तोंड लहान-मोठे करणारी) कडी २२ वर कुलूपबंद ठेवावी (आपल्या कॅमेऱ्यावरही ती तशीच लागते), कॅमेऱ्यातून एफ/१.८ निवडावे आणि समोरचे प्रिव्ह्यू बटण दाबून धरून आत पाहावे. मग २, २.२, २.५ असे एकेक करून पाहावे. चित्रात जवळजवळ काहीच फरक पडत नाही. २.८ च्या पुढे गेले, की मात्र दृश्य ठळकपणे अंधारू लागते आणि मागची पार्श्वभूमी अधिक स्पष्ट होऊ लागते. शिकाऊ मुलांना मी हा प्रयोग नेहमी करायला देतो. दोन-तीन वेळा बटण दाबून ती माझ्याकडे संशयाने पाहतात, कारण बटणच बिघडले आहे असे त्यांना वाटते.

आता हा फरक सेंटिमीटरमध्ये पाहू. आपल्या कॅमेऱ्यावर ५० मि.मी. लेन्सने दीड मीटरवरचा चेहरा घेतला तर एफ/१.८ ला पुढून मागून मिळून सुमारे साडेसहा सेंटिमीटर एवढाच भाग स्पष्ट येतो, एफ/२.८ ला तो सुमारे दहा सेंटिमीटर असतो. व्ह्यूफाइंडर आपल्याला दहा सेंटिमीटरचा दिलासा देतो आणि सेन्सर साडेसहाचाच हिशेब मांडतो. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत सगळे आत स्पष्ट दिसत असते, आणि फोटोत भुवया स्पष्ट व डोळे धूसर अशी गत होते. त्यात लहान पेंटामिररमुळे चित्र लहान, म्हणजे चूक ओळखणे आणखी अवघड.

येथे आधी एक साधी गोष्ट तपासावी. आयपीसच्या शेजारी डायऑप्टरची छोटी कळ असते. तिने स्क्रीन आपल्या नजरेला जुळते. ती जुळवताना बाहेरच्या दृश्याकडे पाहण्याची चूक बहुतेक जण करतात. लेन्स मुद्दाम फोकसबाहेर न्यावी, आभाळ किंवा कोऱ्या भिंतीकडे कॅमेरा धरावा आणि आतल्या फोकस बिंदूंच्या खुणा धारदार दिसेपर्यंत कळ फिरवावी. चाळिशीचा चष्मा लागलेल्यांनी हे आधी करावे. वापरलेल्या कॅमेऱ्यात ती कळ आधीच्या मालकाच्या डोळ्यांना जुळलेली असते, आणि केवळ एवढ्यामुळे दुरुस्तीला आलेले कॅमेरे मी हात लावल्यासारखे करून परत दिले आहेत, पैसे न घेता.

डोळ्यापेक्षा भरवशाचा साक्षीदार आपल्या कॅमेऱ्यात आहे. मोठ्या आरशाचा मधला भाग अर्धपारदर्शक असतो. त्यातून थोडा प्रकाश आरपार जातो, मागच्या एका छोट्या आरशावर आदळून खाली वळतो आणि तळाशी बसवलेल्या ऑटोफोकसच्या सेन्सरवर पडतो. ही प्रकाशाची तिसरी वाट. लेन्स हाताने फिरवत असलात तरी हा सेन्सर मोजमाप करत असतो आणि निवडलेल्या बिंदूखालचा भाग फोकसमध्ये आला, की आतल्या खालच्या पट्टीत डावीकडे गोल ठिपका स्थिर लागतो. बिंदू डोळ्यावर ठेवावा आणि कडी सावकाश फिरवावी. ठिपका एका जागी न लागता थोड्या फिरण्यावर लागलेला राहतो, म्हणून जवळच्या बाजूने आणि दूरच्या बाजूने येऊन दोन्ही टोके पाहावीत आणि कडी त्यांच्या मध्ये ठेवावी. आठवडाभरात हाताला ते वळण पडते.

एवढे करूनही फोटो धूसर येत असतील तर मात्र बिघाडाचा संशय घ्यावा लागतो. लेन्सपासून सेन्सरपर्यंत, लेन्सपासून आरशावरून स्क्रीनपर्यंत आणि लेन्सपासून खालच्या फोकस सेन्सरपर्यंत, ही तिन्ही अंतरे तंतोतंत सारखी असावी लागतात. किती तंतोतंत, तर एफ/१.८ ला सेन्सरच्या ठिकाणी चालणारी चूक सुमारे ०.०३५ मि.मी. असते. झेरॉक्सचा साधा कागद ०.१ मि.मी. जाड असतो, म्हणजे त्याच्या निम्म्या जाडीएवढी स्क्रीन वर-खाली झाली, की आत स्पष्ट दिसणारे चित्र आणि सेन्सरवरचे चित्र यांची फारकत होते. हे अंतर जुळवण्यासाठी स्क्रीनच्या चौकटीखाली शिम, म्हणजे कागदाहून पातळ पट्ट्या, घातलेल्या असतात. धूळ काढण्यासाठी कोणी स्क्रीन बाहेर काढून परत बसवताना एखादी शिम टेबलावर राहून गेली, की कॅमेरा वरकरणी उत्तम चालतो आणि हाताने केलेला प्रत्येक फोकस एकाच दिशेला चुकतो. अशी एक शिम एका ग्राहकाने काडेपेटीत घालून माझ्याकडे आणली होती. ती कशाची आहे हे त्यांना ठाऊक नव्हते, पण त्यांनी ती फेकली नव्हती, याबद्दल मी त्यांचे आभार मानले.

आपल्या काळ्या ठिपक्यांविषयी आता फार लिहावे लागणार नाही. आत पाहताना धारदार दिसणारी धूळ स्क्रीनवर असते, आणि स्क्रीन सेन्सरच्या वाटेत नसल्यामुळे ती फोटोत कधीही येत नाही. एफ/१६ ला घेतलेल्या आभाळाच्या फोटोत ठिपके दिसले तर ती सेन्सरवरची धूळ, तिचा याच्याशी संबंध नाही. लेन्स काढून, कॅमेरा तोंड खाली करून रबरी ब्लोअरने हवा मारावी आणि तिथेच थांबावे. स्क्रीन मऊ प्लॅस्टिकची असते. आरशावरचा चकचकीत थर काचेच्या पुढच्या बाजूला, उघड्यावर असतो. चष्म्याचे कापड आणि फवाऱ्याचे औषध वापरून ‘स्वच्छ’ केलेल्या स्क्रीनवरचे पांढरे ढग पुन्हा निघत नाहीत. ठिपक्यांऐवजी कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसत असतील, तर ती बुरशी आहे. मुंबई-कोकणाच्या पावसाळ्यात बॅगेत बंद राहिलेल्या कॅमेऱ्यांच्या प्रिझममध्ये आणि आयपीसमध्ये ती दर वर्षी दिसते, आणि अशा वेळी लेन्सही उजेडासमोर धरून तपासावी.

आपण विचारलेले नाही, तरी प्रकाशाच्या याच वाटेवरचे एक ठिकाण सांगून ठेवतो. एक्स्पोजर मोजणारा सेन्सर प्रिझमच्या किंवा पेंटामिररच्या कप्प्यातच असतो आणि तो स्क्रीनवरचा उजेड मोजतो. डोळा आयपीसला टेकलेला असेल तर ठीक. पण कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून, ऊन पाठीशी असताना टायमर लावून आपण बाजूला झालो, की मागून शिरलेला उजेडही मोजला जातो आणि फोटो काळा येतो. धबधब्याचे लांब एक्स्पोजर घेणाऱ्यांना हे वारंवार भोवते. काही कॅमेऱ्यांच्या गळ्यातल्या पट्ट्यावर जो रबराचा निरुपयोगी वाटणारा तुकडा असतो, तो आयपीस झाकण्यासाठीच दिलेला असतो; तो नसेल तर टोपी किंवा हात पुरतो. तसेच, डी ७००० किंवा कॅननचा ७ डी यांसारख्या काही कॅमेऱ्यांत फोकस बिंदू दाखवणारा पारदर्शक एलसीडीचा थर स्क्रीनपाशी असतो, आणि बॅटरी काढली की तो अंधारतो. असा कॅमेरा बॅटरीविना पाहून ‘प्रिझम गेलेला आहे’ म्हणून भाव पाडणारे आणि भाव सोडून देणारे, दोन्ही मी पाहिले आहेत.

तेव्हा व्ह्यूफाइंडर आताच बदलू नये. पेंटामिररच्या जागी पेंटाप्रिझम बसवता येतही नाही. त्याऐवजी कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवावा, सुमारे दीड मीटरवर एक मोजपट्टी जमिनीशी तिरकी, साधारण ४५ अंशांत ठेवावी, तिच्या मधल्या आकड्यावर व्ह्यूफाइंडरमधून डोळ्याने फोकस करावा आणि एफ/१.८ ला पाच फोटो घ्यावेत, प्रत्येक वेळी कडी पूर्ण फिरवून फोकस नव्याने करावा. त्यानंतर लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावरचे दृश्य) सुरू करून, चित्र मोठे करून त्याच आकड्यावर फोकस करावा आणि आणखी पाच घ्यावेत. लाइव्ह व्ह्यूमध्ये सेन्सरवरचेच चित्र दिसते, त्यामुळे हे पाच फोटो कसोटीचे. पहिल्या पाचांत चूक कधी पुढे आणि कधी मागे पडत असेल, तर ती स्क्रीनची मर्यादा आणि नजरेचा सराव यांची गोष्ट आहे, कॅमेरा उघडण्याचे कारण नाही. पाचही फोटोंत फोकस एकाच बाजूला आणि जवळपास सारख्याच अंतराने गेलेला असेल, तर ते दहाही फोटो घेऊन दुरुस्तीवाल्याकडे जावे आणि तो ‘स्क्रीन बदलावी लागेल’ म्हणाला, तर आधी स्क्रीनखालच्या शिम मोजून पाहायला सांगावे.